नाव घातलेला डबा

ॲन आर्बर
२७ नोव्हेंबर १९८४

ती. शरयूमावशीस,
साष्टांग नमस्कार.

पोचले गं बाई एकदाची! फोनच करणार होते, पण फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? म्हणून पत्र. आता निमूटपणे शेवटपर्यंत वाच.

चार दिवस फार लाड केलेस. थँक्सगिव्हिंगला टर्कीच्या जागी मसालेभात आणि वर तुझं आणि काकांचं भांडण, असा बेत मला कुठल्या अमेरिकन घरात मिळाला असता? अजून हसू येतंय. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत सगळ्या देशात एका मिनेसोटाने तेवढी मोंडेलची लाज राखली, आणि त्याच मिनेसोटात राहून माझी सख्खी मावशी रेगनला मत देऊन आली! तेही नवऱ्याला न सांगता! काकांच्या हातातला डाव तसाच वर राहिला होता. बिचारा विक्रम, 'मॉम, डॅड, प्लीज, नॉट टुडे' करत मान खाली घालून भात गिळत होता.

बसचा प्रवास मात्र मजेत झाला. तो शैलेंद्र होता ना बरोबर, डेपोवर तू ज्याला 'डोंबिवलीत कुठे राहता' म्हणून छळलंस तो. आम्ही एक खेळ काढला. बसमध्ये माणूस चढला की त्याचे बूट, पिशवी, चेहरा बघायचा आणि सांगायचं, याने मत कोणाला दिलं. सगळं मोठ्याने, मराठीत. आपल्या भाषेचा इथे हा एक फायदा आहे बघ, माणसाच्या नाकासमोर बसून त्याची चिरफाड करावी आणि वर त्याच्याकडे बघून गोड हसावं.

पुढे एक काठीवाली आजी होती. कोटावर झेंड्याचा ब्रोच. मी म्हटलं, रेगन, विचारायलाच नको. ओ क्लेअरला एक टोपीवाला चढला, टोपीवर मोटार कारखान्याच्या युनियनचं नाव, कारखान्याने घरी बसवलेला. शैलेंद्र म्हणाला, हा पक्का मोंडेल. थोड्या वेळाने त्या दोघांचीच जुंपली आणि आमचं पितळ उघडं पडलं. आजीने म्हणे जन्मात कधी रिपब्लिकनला मत दिलं नाही, आणि टोपीवाल्याने दोन्ही वेळा रेगनला दिलं! ती म्हणाली, तुझी नोकरी ज्यांनी घालवली त्यांनाच निवडलंस. तो म्हणाला, नोकरी तुमच्या लोकांनी घालवली. शेवटी ड्रायव्हर ओरडला, माझ्या गाडीत राजकारण नको, नाहीतर दोघांनाही बर्फात उतरवीन. पुढच्या स्टॉपवर तोच टोपीवाला आजीसाठी कॉफी घेऊन आला. आता काय बोलायचं या लोकांना!

अजून एक. आमच्या पुढच्याच सीटवर एक म्हातारे सरदारजी होते. शिकागोला उतरून आम्ही दुसऱ्या बसच्या रांगेत उभे, तर मागून आवाज, "ताई, डबा राहिला तुमचा." स्वच्छ मराठीत! तुझा दशम्यांचा डबा मी सीटवरच विसरले होते. नांदेडचे म्हणे. झाकणावरचं नाव बघून म्हणाले, "शरयूताईंचा आहे, हरवू नका." मग म्हणाले, "दिवाळीचा कार्यक्रम झाला वाटतं?" मी म्हटलं, झाला की, दोनशे माणसं होती, मावशी मंडळाची सेक्रेटरी आहे. "बरं झालं," म्हणाले आणि गेले. कुठे नांदेड आणि कुठे शिकागो! तू ओळखतेस का त्यांना?

काकांना नमस्कार. भांडण मिटलं असेल तर कळव, नसेल तर सविस्तर कळव.

तुझी,
प्रतिमा

---

ईडन प्रेरी
३ डिसेंबर १९८४

चि. प्रतिमास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. माझ्या मतावरून मला शहाणपण शिकवू नकोस. नवऱ्याला विचारून मत द्यायचं असतं तर मतदानाला पडदा कशाला लावतात? तुझे काका अजून फुगलेले आहेत. माझ्याशी बोलायचं असलं की विक्रमला सांगतात, "आईला म्हणावं, मीठ दे." मी पण विक्रमलाच सांगते, "बाबांना म्हणावं, समोरच आहे."

इथे परवापासून बर्फ आहे. गॅरेजचं दार उघडत नाही. तुझी आई विचारत होती, प्रतिमा नीट जेवते का. मी म्हटलं, जेवते आणि बोलते, दोन्ही पोटभर.

त्या सरदारजींचं म्हणशील, तर मंडळात बरेच लोक येतात-जातात, सगळे कुठे लक्षात राहतात? पण तू त्यांना कार्यक्रम झाला, दोनशे माणसं होती, हे सगळं पुराण लावायची काय गरज होती? वाटेत भेटलेल्या माणसाला घरच्या बातम्या सांगत सुटू नये, एवढं कळू नये का? आता सांगितलंसच, तर नीट लिही. 'बरं झालं' कसं म्हणाले? हसून की कसं? सामान किती होतं? एकटेच होते की मुलगा होता बरोबर?

आणि तुम्ही दोघं त्यांच्या मागे बसून सबंध वाटभर मराठीत बडबडत होतात, नाही का? काय काय बोललात? माझं नाव निघालं होतं का त्यात?

डबा परत पाठवायच्या भानगडीत पडू नकोस. तुझ्याकडेच राहू दे. मला नको आहे तो.

तुझी,
शरयूमावशी

---

ॲन आर्बर
९ डिसेंबर १९८४

ती. शरयूमावशीस,
नमस्कार.

त्यांना मुलगा आहे हे तुला कसं ठाऊक गं? मी तर लिहिलं नव्हतं. पण तुला पकडायला माझं तोंड कुठे आहे? मीच तुला सगळं लिहिलेलं नाही. 'काय काय बोललात' हे तुझं वाक्य वाचलं आणि पत्र उशीखाली सरकवून ठेवलं. आज काढलंय.

आमच्या खेळात त्यांचीही पाळी आली होती. त्याच्या आधी काय झालं ते सांगते. टोपीवाला बसमध्ये चढला तेव्हा त्यांची पगडी बघून मोठ्याने म्हणाला, "अरे, आयातोल्ला पण आहे वाटतं गाडीत!" दोघे-तिघे हसले. ते उठले, मागे वळले आणि शांतपणे इंग्रजीत म्हणाले, "मी इराणचा नाही. भारताचा आहे. शीख आहे." टोपीवाला ओशाळला, सॉरी म्हणाला. आजीने पिशवीतून एक सफरचंद काढून त्यांना दिलं. मला आणि शैलेंद्रला एवढा चेव आला! बघ किती अडाणी आहेत हे, पगडी दिसली की इराण, ह्यांना जगाचा नकाशा तरी माहीत आहे का. वीस मिनिटं आम्ही अमेरिकेला शिव्या घालत होतो.

आणि मग शैलेंद्र म्हणाला, "यांचं मत इथे नाही यार, पण एकतीस ऑक्टोबरला, इंदिराबाई गेल्या तेव्हा, पेढे नक्की वाटले असतील." मावशी, मी हसले. नुसती हसले नाही. मी म्हटलं, "पिशवी बघ केवढी आहे. काय घेऊन चाललाय कोण जाणे, तपासायला पाहिजे." आणि तुझ्या डब्यातली दशमी तोंडात घातली.

त्यांनी मागे वळून बघितलं नाही. खिडकीकडे तोंड करून बसले होते. सफरचंद हातातच होतं. शिकागो येईपर्यंत त्यांनी ते खाल्लं नाही, पिशवीतही ठेवलं नाही. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. वाटलं कधी, तर "ताई, डबा राहिला तुमचा" ऐकलं तेव्हा. टोपीवाल्याने निदान त्यांच्या तोंडावर म्हटलं आणि सॉरी तरी म्हणाला. मी काय केलं, तर 'थँक्यू काका, तुम्ही कुठले' म्हणून गोड गोड बोलत राहिले, जसं काही झालंच नाही. वर दिवाळीच्या कार्यक्रमाची जाहिरात केली. आणि तुला पत्रात सगळं गंमत म्हणून लिहिलं.

माझी मला किळस येते. लायब्ररीत बसते आणि तेच आठवतं. रूममेट विचारते, 'घरची आठवण येते का,' मी हो म्हणते.

मावशी, तू त्यांना ओळखतेस. ते 'शरयूताई' म्हणाले तेव्हाच मला कळायला हवं होतं. तुझ्याकडे साऱ्या मिनियापोलिसचे पत्ते आहेत. मला त्यांचा पत्ता दे. मला त्यांची माफी मागायची आहे. नाही म्हणू नकोस.

प्रतिमा

---

ईडन प्रेरी
१९ डिसेंबर १९८४

चि. प्रतिमास,
आशीर्वाद.

तुझ्या पत्रावर तुला चांगली झापणार होते. तीन वेळा कागद घेतला आणि तीन वेळा ठेवला. कुठल्या तोंडाने झापू?

त्यांचं नाव गुरुबचनसिंग. नांदेडला भांड्यांचं दुकान आहे. त्यांचा मुलगा नरेंद्र इथे आमच्यापासून पाच-सहा मैलांवर राहतो. मे महिन्यात ते मुलाकडे आले. घरी करमेना, म्हणून नरेंद्र त्यांना मंडळाच्या सहलीला घेऊन आला. तुला ठाऊक आहे, आपल्या पॉटलकनंतर काय तमाशा असतो. सगळ्यांनी घरून करून आणलेली, स्टीलची पातेली सारखीच, माझं झाकण प्रभूबाईंच्या घरी आणि त्यांचा झारा माझ्याकडे. ते बघून हे म्हणाले, "अहो ताई, भांड्यावर नाव नाही? नाव घातल्याशिवाय भांडं घराबाहेर काढतं का कोणी?" पुढच्या रविवारी हातोडी आणि छिन्नी घेऊन आमच्या घरामागच्या डेकवर येऊन बसले. नांदेडहून येताना बॅगेत घालून आणली होती, सवयीने. सबंध उन्हाळाभर टकटक चालायची. ईडन प्रेरीतल्या प्रत्येक मराठी बाईच्या भांड्यावर त्यांच्या हातचं नाव आहे. विक्रम त्यांच्याजवळ बसायचा. मराठीत एक वाक्य न बोलणारा माझा मुलगा त्यांना विचारायचा, "काका, हे काय लिहिलं?" जेवायला इथेच थांबायचे. तुझ्या काकांशी नेहमी वाद, इंदिराबाईंवरून. काका त्यांच्या विरुद्ध आणि हे बाजूने. लक्षात घे, हे बाजूने.

ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या कार्यक्रमासाठी कार्यकर्त्यांना द्यायचे डबे त्यांनीच नावं घालून दिले. प्रत्येकाचं नाव, खाली 'महाराष्ट्र मंडळ, दिवाळी १९८४.' कार्यक्रमात ते एक भजनही म्हणणार होते. आणि मग एकतीस तारीख आली.

कमिटीची मीटिंग आमच्याच घरी झाली. कमिटीतला मोहन म्हणाला, वातावरण तापलंय, कोणी काही बोललं तर नसता वाद होईल, या वर्षी त्यांना नको. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. कोण सांगणार, तर मी. मी फोन केला. 'तुम्ही येऊ नका' म्हणायला जीभ रेटेना, म्हणून म्हटलं, कार्यक्रम कॅन्सल झालाय. ते काय म्हणाले सांगू? म्हणाले, "योग्य केलंत ताई. बाई अशा गेल्या, घराघरात सुतक आहे, अशात दिवाळी कसली. मला तुमच्या मंडळाचा अभिमान वाटला."

मी फोन ठेवला आणि वाटलं, सुटले. दहा तारखेला कार्यक्रम झाला. डबे वाटले. दोनशे माणसं होती.

आता समजलं ना, तू 'झाला की' म्हणालीस तेव्हा त्यांनी काय ऐकलं? त्यांच्याच हातचा डबा, त्यांनीच घातलेलं 'दिवाळी १९८४.'

तुझं पत्र आल्यावर कसाबसा धीर करून नरेंद्रकडे फोन लावला. त्याची बायको जसबीर होती. म्हणाली, पापाजी भारतात गेले. त्यांचा भाचा दिल्लीत टॅक्सी चालवायचा. नोव्हेंबरच्या एक तारखेला जमाव आला आणि त्याला घरातून ओढून नेलं. बहीण एकटी पडली, म्हणून ते थँक्सगिव्हिंगनंतर लगेच शिकागोहून विमानाने गेले. मी फोन केला होता तो पाच तारखेला, आणि त्यांना बातमी चार तारखेलाच कळली होती. फोनवर मला त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. उलट माझं कौतुक केलं.

पत्ता मागायचा धीर झाला नाही. मी माझी पातेली आणि ताटंही नाव घालायला त्यांच्याकडे दिली होती, ती तशीच तिथे आहेत. आणायला जाववत नाही.

शरयूमावशी

---

ॲन आर्बर
३० डिसेंबर १९८४

ती. शरयूमावशीस,

तुझं पत्र वाचून मी इतकी भडकले की काय सांगू. माझी मावशी, सगळ्यांना आपलं म्हणणारी, आणि एक खोटा फोन करून मोकळी! नको नको ते मनात आलं. शैलेंद्रला गाठलं आणि ते पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. म्हटलं, बघ, आमच्या घरची माणसं अशी. मी तुला काय काय लिहिलं होतं तेही ऐकवलं. तो मग म्हणाला, "प्रतिमा, तू मावशीला पेढ्यांचं सांगितलंस. पण ते वाक्य कोणाचं होतं यार?"

मावशी, ते वाक्य माझं होतं. शैलेंद्रचं नव्हतं. तो हसला होता आणि मी बोलले होते. कबुली देतानासुद्धा मी निम्मी दुसऱ्याच्या गळ्यात घातली. आता तुझ्यावर कुठल्या तोंडाने चिडू?

इथे काल सगळे भारतातल्या निवडणुकीच्या निकालाबद्दल बोलत होते. तिकडेही लाट, इकडेही लाट. इंडियन असोसिएशनची मुलं चहा पिता पिता कोणाला किती जागा मिळाल्या ते सांगत होती. मला ते ऐकवेना. मी उठून बाहेर गेले. लोकांकडे बघून कोण कोणाचा ते ओळखायचा मला केवढा माज होता! ज्याच्याबद्दल सगळ्यात खात्रीने बोलले, त्याच्याबद्दल सगळ्यात चुकले.

मावशी, जा गं त्यांच्या घरी. माझ्यासाठी जा, तुझ्यासाठी जा. जसबीर दार लावून घेईल तर लावू दे. संक्रांतीला तुझं मंडळ जमेल, तेव्हा तिथेही बोल. पत्ता मिळाला की मी त्यांना लिहीन, आणि या वेळी सगळं खरं लिहीन.

तुझी,
प्रतिमा

---

ईडन प्रेरी
२२ जानेवारी १९८५

चि. प्रतिमास,
आशीर्वाद आणि तिळगूळ.

गेले बाई. दोन्हीकडे गेले.

शनिवारी संक्रांतीचा कार्यक्रम होता. थंडी उणे वीसच्या खाली, तरी हॉल भरला होता. मी माइकपाशी गेले आणि सांगितलं. फोनवर काय खोटं बोलले, ते काय म्हणाले, त्यांच्या घरी काय झालं होतं, सगळं. हातातला कागद वाचायचा सोडून खिशात घातला. माझं झालं. मग मोहन उठला. "शरयूताई, मंडळात राजकारण नको, असं आपलं आधीच ठरलंय." आणि मागच्या रांगेतून तुझे काका उभे राहिले. दोन महिने माझ्याशी धड न बोललेला माणूस. म्हणाले, "मग दिवाळीला आपण काय केलं होतं, मोहनराव? भजन?"

काही लोक तिळगूळ न घेता निघून गेले. प्रभूबाई माझ्याजवळ येऊन रडल्या. सेक्रेटरीपद मी सोडलं, सोडायला सांगायच्या आधीच. घरी येताना गाडीत काकांनी विचारलं, "हीटर वाढवू का?" मला विचारलं, विक्रमला नव्हे.

दुसऱ्या दिवशी जसबीरकडे गेले. विक्रम म्हणाला, 'आय विल कम,' म्हणून तोही आला. तिने दार उघडलं, चहा केला, मी बोलत होते ते सगळं ऐकून घेतलं. चहा झाल्यावर आत गेली आणि एक खोकं घेऊन आली. "पापाजींनी तुमच्यासाठी ठेवलं होतं. म्हणाले होते, ताई नेतील तेव्हा द्या."

माझी भांडी होती. पातेली, ताटं, वाट्या, सगळ्यांवर नाव घातलेलं. सौ. शरयू धारप. एक ओळ वाकडी नाही की एक ठोका कमी-जास्त नाही. जसबीर म्हणाली, दिल्लीची बातमी आल्यावर ते रात्ररात्र झोपायचे नाहीत, तळघरात बसून हेच करायचे. माझा फोन गेला तेव्हाही हेच चाललं होतं. म्हणजे फोन ठेवून त्यांनी माझं नाव पुढे घालायला घेतलं, प्रतिमा.

विक्रमने प्रत्येक ताट हातात घेऊन ते नाव वाचलं. मोठ्याने, मराठीत. गाडीत मला विचारलं, 'मॉम, व्हाय डिड यू लाय टू हिम?' ही ताटं मी रोज वापरते. जेवताना ते नाव समोर असतं, आणि तोंडात घास फिरतो. पण वापरायचीच, असं ठरवलं आहे.

पत्ता सोबत लिहिला आहे. मी पत्र टाकलं. आता तू लिही.

तुझी,
शरयूमावशी

---

नांदेड
१२ मार्च १९८५

कु. प्रतिमाताई यांस,
गुरुबचनसिंग यांचा सत श्री अकाल.

तुमचं पत्र फेब्रुवारीत आलं. तेव्हा मी दिल्लीला बहिणीकडे होतो, म्हणून उत्तराला उशीर. शरयूताईंचंही पत्र आहे. त्यांना वेगळं लिहिणार आहे, पण आधी तुम्हाला लिहितो, कारण तुम्ही विचारलेलं सोपं आहे.

पेढ्यांबद्दल तुम्ही काय बोललात ते तुम्ही पत्रात खरं लिहिलं. मला ते माहीत होतं. आवाज तुमचा होता. एकतीस ऑक्टोबरला नरेंद्रच्या घरी चूल पेटली नाही. माझ्या दुकानात इंदिराबाईंचा फोटो वीस वर्षं होता. चार नोव्हेंबरला भाच्याची बातमी आली, त्या दिवशीही चूल पेटली नाही. दोन्ही दिवस माझ्यासाठी सारखेच होते. हे तुमच्या बरोबरच्या मुलालाही सांगा.

पिशवीत काय होतं, तेही सांगतो. भाच्याच्या मुलीसाठी लाल कोट होता. इथे नांदेडात कोणाला लागणार तसला, पण दिल्लीत थंडी असते. म्हणून पिशवी फुगलेली दिसली असेल.

तुम्ही माफी मागितली. 'राग नाही' असं लिहायला घेतलं होतं. बायको म्हणाली, खोटं लिहू नका, एवढं खोटं झालंय तेवढं पुरे. तर राग आहे. टोपीवाला मला इराणचा म्हणाला, त्याचा राग आला नाही. त्याला माहीत नव्हतं आणि मला त्याला सांगता आलं. तुम्हाला काय सांगायचं? तुम्ही मराठीत बोलत होतात. या भाषेत मी पाढे शिकलो, लग्न ठरवलं, दुकान चालवलं. शिकागोपर्यंत मी वाट बघत होतो, आता ही मुलं थांबतील, आता थांबतील. मग मला वाटलं, उठून मराठीत बोलावं. पण मग तुम्हाला लाज वाटली असती, आणि तुम्ही माझ्या मुलीच्या वयाच्या. म्हणून खिडकीकडे बघत राहिलो. डबा राहिला नसता तर तुम्हाला कळलंच नसतं.

डबा फेकू नका. शरयूताईंनी लिहिलं आहे, तो तुमच्याकडेच आहे. चांगल्या स्टीलचा आहे, तुमच्या मुलांनाही पुरेल.

सुट्टीत भारतात आलात तर नांदेडला या. गुरुद्वाऱ्याच्या मागच्या गल्लीत कोणालाही विचारा, भांडीवाला गुरुबचन. राग असला तरी चहा मिळेल. मात्र या वेळी माझ्या मागे बसू नका. समोर बसा आणि बोला.

आपला,
गुरुबचनसिंग